दोन दिवसांत भरणारा फ्लास्क

(पत्र लांब होतं, थोडं कापलं आहे. झाडाचं नाव मुद्दाम गाळलंय. छापलं तर उद्या मांडवीपासून मकरपुऱ्यापर्यंत घरोघरी पातेली चढतील.)

"मावशी, मी बडोद्यात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षभरापासून युनिव्हर्सिटीतल्या एका कॅन्सर बायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. स्तनाच्या कॅन्सरच्या एमसीएफ-७ सेल्सवर एका झाडाच्या पानांचा अर्क तपासायचा, हे माझं काम. जूनमध्ये पहिल्याच एमटीटीत (किती सेल्स जिवंत आहेत ते मोजायची चाचणी) ६० टक्के सेल्स मेल्या. मॅडम खूश झाल्या, घरी पेढे आले. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये तेच पुन्हा केलं तर १० टक्केही मेल्या नाहीत. लवकरच पोस्टर लावायचं आहे. सीनियर दीदी म्हणते, जूनचा ग्राफ लाव, सगळे तेच करतात. पुढच्या दोन प्लेट मॅडमना मी दाखवलेल्याच नाहीत.

अजून एक आहे, ते कुणालाच सांगितलेलं नाही. जुलैमध्ये दीदी गावाला गेली होती, तेव्हा तिच्या हेला सेल्सचं (त्या दुसऱ्याच कॅन्सरच्या) पॅसेजिंग, म्हणजे भरलेल्या फ्लास्कमधल्या थोड्या सेल्स नव्या फ्लास्कमध्ये टाकणं, मी केलं. घाईत तेच पिपेट माझ्या मीडियाच्या, म्हणजे सेल्सच्या खाद्यद्रवाच्या, बाटलीत बुडवलं. मीडिया गढूळ झाला नाही, बुरशी आली नाही, म्हणून गप्प बसले. तसा माझा हात आता चांगला बसलाय. पूर्वी फ्लास्क सेल्सनी भरायला आठवडा लागायचा, हल्ली दोन दिवसांतच भरतो.

घरी आत्या आहे. तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता, केमो संपली, आता टॅमॉक्सिफेन चालू आहे. ती म्हणते, तुझा तो पाला मलाही उकळून दे. बाबा म्हणतात, हे सगळं सोड आणि बँकेच्या परीक्षा दे. मी लॅब सोडू का?
– तिसऱ्या वर्षाची, दांडिया बाजार"

अगं, तुझ्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ तू कौतुक म्हणून लिहिली आहेस. फ्लास्क दोन दिवसांत भरतो, हे वाचलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

लॅब सोडायची की नाही, बाबांना काय सांगायचं, ते बोलू. आधी दोन कामं कर. ती मीडियाची बाटली अजून फ्रीजमध्ये असेल तर तिच्यावर 'वापरू नये' असं लिही आणि बाजूला काढून ठेव. फेकू नकोस, मॅडमना तपासायची असेल. मग जरा आठव. जुलैनंतर तुझ्या बाटलीतून कुणी मीडिया उसना नेला होता का? आणि जुलैनंतर तू तुझ्या सेल्स गोठवून लिक्विड नायट्रोजनमध्ये व्हायल (छोट्या कुप्या) ठेवल्यास का? ठेवल्या असशील तर खरी धास्ती तिथे आहे. फ्लास्क काय, आज ना उद्या संपतो. उणे १९६ अंशांत बसलेली, 'एमसीएफ-७' अशी चिठ्ठी लावलेली व्हायल वर्षानुवर्षं टिकते. तू बँकेत साहेबीण होऊन बसलेली असशील आणि इथे कुणीतरी पोरगी ती विश्वासानं उघडेल.

आता माझा संशय सांगते. एमसीएफ-७ या मुळातच संथ पेशी. बेटं बेटं करून वाढतात, दुप्पट व्हायला दीड-दोन दिवस घेतात. हेला साधारण एका दिवसात दुप्पट होते. पिपेटच्या टोकाला लागून शंभरेक हेला तुझ्या बाटलीत गेल्या असं धर. थंड मीडियात पेशी लगेच मरत नाहीत, तेव्हा दुसऱ्या दिवशी तू मीडिया बदललास तशा त्यातल्या काही तुझ्या फ्लास्कमध्ये उतरल्या. पुढचा हिशेब वहीत करून बघ. वीस दिवसांत हेला वीस वेळा दुप्पट होणार, म्हणजे दहा लाख पट. तुझ्या पेशी जेमतेम दहा-बारा वेळा, म्हणजे फार तर काही हजार पट. दर पॅसेजला तू अर्ध्याअधिक फेकून देतेस खरं, पण फेकतानाही प्रमाण तेच राहतं. दोन महिन्यांत पाहुणी घराची मालकीण होते.

मीडिया गढूळ झाला नाही याचं तुला हायसं वाटलं, ते साहजिक आहे. जंतू शिरले तर गढूळपणा येतो, लाल मीडिया रातोरात पिवळा पडतो, बुरशीचे तर कापसासारखे पुंजके दिसतात. पण पेशींत पेशी मिसळली तर दुधात पाणी घातल्यासारखं असतं, डोळ्यांना दूधच दिसतं. (मायकोप्लाझ्मा हा बारीक जंतूही असाच न दिसणारा. त्याला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे मीडियातल्या पेनिसिलिनला तो दाद देत नाही. तपासणी होईलच तर त्याचीही करून घ्या.)

मी लांबून बोलते आहे, तेव्हा हा संशयच समज. फ्लास्क लवकर भरायला साधी कारणंही असतात. तू हल्ली पॅसेज करताना जास्त पेशी टाकत असशील, मीडियात घालायच्या सीरमची बाटली बदलली असेल. फेब्रुवारी-मार्चचे फोटो मोबाईलमध्ये असतील तर ते आजच्या फोटोशेजारी ठेव. बेटं जाऊन पेशी सुट्या सुट्या पसरलेल्या दिसल्या तर माझा संशय वाढेल. पण निकाल फोटोवर लागत नाही. त्याला एसटीआर प्रोफाइल लागतं. डीएनएवरच्या ठरावीक जागी तेच ते तुकडे किती वेळा येतात हे मोजायचं, आणि एमसीएफ-७ च्या नोंदलेल्या आकड्यांशी ताडून बघायचं. गुन्ह्याच्या तपासात करतात तेच. त्याला पैसे पडतात, ते मॅडम ठरवतील. लॅबमध्ये इस्ट्रोजेन रिसेप्टरची (इस्ट्रोजेन पकडणाऱ्या प्रथिनाची) अँटीबॉडी पडलेली असेल तर तोवर एक वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिन ओळखायची चाचणी, करून बघता येईल. एमसीएफ-७ मध्ये तो रिसेप्टर भरपूर असतो, म्हणून तर त्या इतक्या वापरतात. हेलामध्ये तो नसतो.

तू एकटीच वेंधळी आहेस असं तुला वाटत असेल, म्हणून थोडा इतिहास सांगते. हेला आल्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, १९५१ साली, बाल्टिमोरला. ती तेव्हा ३० वर्षांची होती. पेशी घेताना तिला कुणी विचारलं नाही, आणि त्याच वर्षी ती गेली. जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये त्या पेशी वाढत राहिल्या आणि तिथून जगभर गेल्या. पुण्याच्या कमल रणदिवे याच गाय यांच्याकडे टिश्यू कल्चर शिकल्या आणि परत येऊन त्यांनी मुंबईत देशातली पहिली टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. माझ्या पिढीतल्या मुंबईच्या मुली त्यांचं नाव घेताना जरा सरळ बसायच्या.

तर १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एका परिषदेत स्टॅन्ली गार्टलर नावाचा माणूस उभा राहिला. वेगवेगळ्या माणसांच्या, वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून जपलेल्या १८ पेशीओळी (लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेलेल्या पेशी) त्यानं तपासल्या होत्या. अठराच्या अठरांत एका एन्झाइमचा तोच प्रकार निघाला, जो कृष्णवर्णीयांतच प्रामुख्यानं सापडतो आणि हेलामध्ये आहे. म्हणजे कुणी यकृतावर, कुणी आतड्यावर म्हणून वर्षानुवर्षं काम करत होतं आणि समोर बसली होती हेन्रिएटा. सभागृहातल्या मोठमोठ्या लोकांनी ते गोड मानून घेतलं असं समजू नकोस. पुढे वॉल्टर नेल्सन-रीस यांनी अशा फसव्या ओळींच्या याद्याच छापल्या, त्यांच्या वाट्यालाही रागच आला. आणि १९७३ मध्ये शास्त्रज्ञ लॅक्स कुटुंबाकडे रक्त मागायला गेले ते याच घोळामुळे, खऱ्या हेला ओळखण्यासाठी. आईच्या पेशी जिवंत आहेत हे मुलांना कळलं ते तेव्हा, बावीस वर्षांनी. या सगळ्याच्या मुळाशी काय होतं? कुणाचं तरी एक पिपेट, कुणाची तरी एक बाटली, आणि नंतरचं गप्प बसणं.

गप्प बसण्याबद्दल मी अधिकारानं बोलते. मुंबईच्या एका लॅबमध्ये मी नवी होते तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत नायट्रोजनचा कॅन भरून ठेवायची पाळी माझी होती. लिक्विड नायट्रोजन आपोआप उडत राहतो, दर काही दिवसांनी ओतावा लागतो. मी माहेरी बडोद्याला आले, करंज्या तळल्या आणि विसरले. परत गेले तर कॅन कोरडा. मी गुपचूप भरून टाकला. पुढे अकरा दिवस माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा एकेक व्हायल उघडत होता, पेशी चिकटत नाहीत म्हणून कधी सीरमला दोष द्यायचा, कधी स्वतःच्या हाताला. शेवटी मी सांगितलं. आमचे सर चिडके म्हणून प्रसिद्ध होते. ते म्हणाले, "कॅनचं सोड, अकरा दिवसांचं सांग." मला काही सांगता आलं नाही. तो मुलगा नंतर माझ्याशी नीट वागला, पण आपली बाटली मला कधी दिली नाही.

तेव्हा तू उद्याच मॅडमकडे जा. आधी दीदीला सांग, कारण तिच्या पाठीमागे तिच्या पेशींचं नाव निघणार आहे. मग दोघी मिळून जा, ती येत नसेल तर एकटी जा. रडगाणं नको, प्रस्तावना नको. अमुक तारखेला हेलाचं पिपेट माझ्या बाटलीत गेलं, त्यानंतर फ्लास्क लवकर भरतोय, आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या प्लेट जूनशी जुळत नाहीत, या त्या प्लेट. तीन वाक्यं. गुजरातीत सांग, हिंदीत सांग, पण वही उघडी ठेवून सांग. आणि हो, वहीत जुलैच्या पानावर आता काही घुसडू नकोस. आजच्या पानावर, आजच्या तारखेनं लिही की जुलैमध्ये असं झालं होतं. मागच्या तारखेनं लिहिलेली खरी गोष्टसुद्धा खोटी दिसते.

मॅडम रागावतील का? रागावतील बहुतेक. सीरम किती महाग असतं ते त्या एकदा ऐकवतीलच. पण त्यांना नव्या व्हायलची सोय करता येते, पुण्याच्या एनसीसीएस या संस्थेच्या पेशींच्या साठ्यातून पेशी मागवता येतात. पोस्टर लागल्यावर कुणी विचारलं, "तुमच्या पेशींची ओळख तपासली का?" तर त्यांना काहीच करता येणार नाही.

आता दीदीचं 'सगळे तेच करतात'. ती अगदी खोटं बोलत नाही, हीच पंचाईत आहे. २०१२ मध्ये ॲम्जेन या औषध कंपनीच्या लोकांनी लिहिलं की कॅन्सरवरचे गाजलेले ५३ शोधनिबंध त्यांनी पडताळून बघितले, त्यांतले ६ जुळले. सगळेच लबाड होते असं नाही. पण एकदा छान आलेला ग्राफ ठेवायचा आणि न जुळलेले खणात टाकायचे, ही सवय त्यात किती असेल याचा तू अंदाज कर. दीदीची पीएच.डी. रखडली असेल, तिला कुणी असंच शिकवलं असेल. तिच्याशी भांडू नकोस. फक्त ग्राफ लावू नकोस.

कारण जूनच्या त्या ६० टक्क्यांवर माझा तसाही फार विश्वास नाही. एकाच प्लेटमधल्या तीन विहिरी (प्लेटमधले खळगे) म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, ती एकाच दिवसाची तीन भांडी. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवला असशील, तर नुसतं डीएमएसओ घातलेल्या विहिरी ठेवल्या होत्यास का? आणि पेशीच नसलेल्या विहिरीत अर्क आणि एमटीटी घालून पाहिलंस का? हे फार जण विसरतात. एमटीटी पिवळं असतं, जिवंत पेशी त्याचे जांभळे कण करतात आणि ते आपण ५७० नॅनोमीटरला मोजतो, इथवर ठीक. पण पानांतली काही द्रव्यं पेशींशिवायच एमटीटीला जांभळं करतात. मग मेलेल्या पेशीही जिवंत मोजल्या जातात. म्हणजे जून खरा असून ऑगस्ट फसवा असेल, कारण तेव्हा पेशी हेलाच होत्या. किंवा जूनच फसवा असेल. किंवा दोन महिने फ्रीजमध्ये पडून अर्कच मेला असेल. आज यातलं काहीच कुणाला सांगता येणार नाही. नव्या व्हायलवर, तीन वेगवेगळ्या दिवशी, ताज्या अर्कानं केल्यावर बोलू. शेजारी कॅन्सर नसलेल्या पेशीही ठेव, कारण बशीतल्या पेशी मारायच्याच असतील तर फिनाईलनेही मरतात.

आणि एसटीआरमध्ये खरंच हेला निघाली, तर मॅडमना विचारून त्याचंच पोस्टर कर. फेब्रुवारीचा फोटो, ऑक्टोबरचा फोटो, तो दुपटीचा हिशेब, प्रोफाइलचे आकडे. 'अमुक पानांच्या अर्काचा एमसीएफ-७ वर परिणाम' अशी पोस्टरं मी इतकी पाहिली आहेत की समोर चहा असेल तरच थांबते. त्या पोस्टरपुढे मी चहा नसतानाही थांबेन.

लॅब सोडायचा प्रश्न मी आत्ता सोडवत नाही. बाबा चुकीचं बोलत नाहीत. पीएच.डी.ची वाट लांब आहे आणि फेलोशिपचे पैसे वेळेवर येतातच असं नाही. चौथ्या वर्षी रिसर्चसह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात, तेही बघ. आणि तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळ्याची फेलोशिप भर, दोन महिने दुसऱ्या गावची लॅब बघून ये. मग काय ते ठरव. पण हे सांगायचं टाळण्यासाठी सोडणार असशील तर नको. नवरात्रात पहाटे तीनपर्यंत गरबा खेळून नऊला पेशींना मीडिया द्यायला पोचणारी मुलगी (हे तू पत्रात लिहिलं होतंस, मी कापलं) कंटाळून सोडते आहे, हे मला पटत नाही.

राहिली आत्या. तिला पाला द्यायचा नाही. एक चमचाही नाही, 'नुसता वास घे' म्हणूनही नाही. कारण तिला पटेल असं सांग. टॅमॉक्सिफेनची गोळी पोटात जाते तेव्हा ती अर्धवट तयार असते. यकृतातलं एक एन्झाइम, सीवायपी२डी६ त्याचं नाव, तिच्यापासून एंडॉक्सिफेन करतं आणि खरं काम ते करतं. कुठल्या पाल्यातलं काय या एन्झाइमांच्या आड येईल याचा नेम नसतो. म्हणजे गोळी रोज घेतली जाईल आणि लागू पडणार नाही. ती आधीच गुपचूप कसला काढा घेत असेल (घेत असेल, आपल्या बायका घेतातच) तर ते तिच्या डॉक्टरांना सांगायला लाव.

ती म्हणेल, औषधं झाडातूनच येतात ना? येतात. अंगणातल्या सदाफुलीची गोष्ट तिला सांग. जमैकात तिच्या पानांचा चहा मधुमेहावर घेत. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तपासलं तर साखर काही उतरेना, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या. त्यातून १९५८ मध्ये विनब्लास्टिन निघालं, आणि त्याच झाडातून आलेलं व्हिन्क्रिस्टिन १९६३ पासून रक्ताच्या कॅन्सरवर देतात. पण पानांत ते इतकं कमी असतं की एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, आणि ते शिरेतून, मिलिग्रॅममध्ये मोजून द्यावं लागतं. चहा पिऊन कुणी बरं झालं नाही.

पण तिला नुसतं 'नको' म्हणून बसवू नकोस. तिच्या गोळीचं आणि तुझ्या फ्लास्कचं नातं आहे, ते तिला सांगितलंस का? १९७० मध्ये मिशिगनमधल्या एका ६९ वर्षांच्या नन बाईंच्या छातीत साठलेलं पाणी काढलं, त्यांना स्तनाचा कॅन्सर होता. त्या पाण्यातल्या पेशी डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये वाढवल्या, नावातली अक्षरं तिथली आणि सात म्हणजे सातवा प्रयत्न. इस्ट्रोजेन कॅन्सरला कसं खतपाणी घालतं आणि टॅमॉक्सिफेन ते कसं अडवतं, यातलं पुष्कळसं या पेशींवर समजलं. आत्या सकाळी पाण्याबरोबर घेते त्या गोळीबद्दल डॉक्टर जे छातीठोकपणे सांगतात, त्यात त्या बाईंचा वाटा आहे.

मॅडमचा राग निवळला की विचारून बघ, एखाद्या शनिवारी आत्याला लॅबमध्ये आणू का. मायक्रोस्कोप हूडच्या (निर्जंतुक काम करायच्या कपाटाच्या) बाहेरच असतो, तिला आत काही हात लावायचा नाही. तिला उभं राहवत नसेल तर स्टूल दे. पण नवी व्हायल उघडून पेशी चिकटल्यावर, बेटं दिसायला लागल्यावरच ने. जुना फ्लास्क दाखवू नकोस. त्यात कोण आहे ते तुलाच अजून ठाऊक नाही.